वात बारीक होणारी बॅटरी

आमच्या कोकणातल्या घरी रात्री निजानीज झाली की आजी कंदील विझवत नसे. वात बारीक करून तो माजघराच्या दारापाशी, भिंतीकडेला ठेवून देई. कुणी पाण्याला उठलं तर उंबरठा दिसावा आणि निजलेल्यांच्या डोळ्यांवर मात्र उजेड येऊ नये, अशा बेताने ती चावी फिरवायची. रॉकेल रेशनवर मिळायचं, त्यामुळे त्या बारीक वातीमागे काटकसर होतीच, पण नुसती काटकसर नव्हती.

मग बॅटरी आली. (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आत घालतात ते सेल. पुढेही तसंच लिहितो.) चकचकीत नळीची, तीन सेलांची. ती पेटायची किंवा विझायची, मधलं काही तिला ठाऊक नव्हतं. आता एलईडी आल्यापासून तर हजार-दोन हजार ल्यूमेनच्या (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप) बॅटऱ्या खिशात मावतात आणि दुकानात गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न असतो, "किती लांब जाते?" मी गेली काही वर्षं उलटा प्रश्न विचारतो : "किती कमी होते?" दुकानदार बहुतेक वेळा माझ्याकडे संशयाने बघतो.

हा प्रश्न मला निसर्ग चक्रीवादळाने शिकवला. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांमध्ये पुढे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. घरात दोन बॅटऱ्या होत्या. मोठी, झगझगीत, चार्जिंगची बॅटरी पहिल्या रात्री कौलं आणि पडलेली झाडं बघण्यात निम्मी संपली आणि दुसऱ्या रात्री मेली. दुसरी अंगठ्याएवढी, ट्रेकसाठी घेतलेली. तिला अगदी मंद असा एक टप्पा होता, ज्याची मी तोवर चेष्टा करायचो. रोज संध्याकाळी सात ते झोपेपर्यंत आणि मग रात्रभर बाथरूमच्या वाटेवर तीच चालली, आणि पंधरा दिवसांनी गावात जनरेटरवर फोन चार्ज करायची सोय झाली तेव्हाही ती जिवंत होती.

## पहिली पायरी : आधी डोळ्यांना वेळ द्या

बॅटरीला हात लावण्याआधी एक प्रयोग करा. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. खोलीतले दिवे, टीव्हीचा लाल ठिपका, राउटरचे लुकलुकणारे दिवे सगळं झाका किंवा बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि अर्धा तास नुसते बसा. गप्पा मारल्या तरी चालतील.

पहिली पाच-दहा मिनिटं काही दिसत नाही, मग खिडकीची चौकट दिसू लागते. वीस मिनिटांनी खुर्चीची पाठ, दोरीवरचे कपडे, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचा आकार असं एकेक वर येतं. डोळ्यांच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात, रंग ओळखतात आणि अंधाराला पाच-दहा मिनिटांत जितक्या सरावायच्या तितक्या सरावतात. दंडपेशींना रंग कळत नाही, पण अगदी थोडा उजेड त्यांना पुरतो. फक्त पूर्ण तयार व्हायला त्यांना वीस ते चाळीस मिनिटं लागतात. त्यांच्यातलं रोडॉप्सिन नावाचं द्रव्य उजेडात विरतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा साठतं. ते बनायला अ जीवनसत्त्व लागतं, म्हणून त्याची कमतरता झाली की रातांधळेपणा येतो.

आता फोनचा टॉर्च एकदा भिंतीवर मारून बंद करा. अर्ध्या तासाची कमाई दोन सेकंदांत जाते आणि डोळ्यांपुढे हिरवा-जांभळा डाग नाचत राहतो. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रात्री झगझगीत बॅटरी वापरणाऱ्याला प्रत्यक्षात दोनच गोष्टी दिसतात : झोतातलं वर्तुळ आणि त्याच्या बाहेरचा काळा पडदा. झोताबाहेर कुत्रं बसलं आहे की दगड पडला आहे, याचा त्याला पत्ता नसतो. मंद बॅटरीवाल्याला वर्तुळ फिकं दिसतं, पण वर्तुळाबाहेरही दिसतं.

उजेडात जावंच लागलं, म्हणजे फोन आला किंवा फ्रिज उघडायचा झाला, तर एक डोळा मिटून घ्या. दोन्ही डोळे आपापले वेगवेगळे सरावतात. अंधारात परतल्यावर मिटलेला उघडलात की तो काम करत असतो. एक डोळा आंधळा आणि एक शाबूत, असं पहिल्यांदा अनुभवताना गंमत वाटते.

आणखी एक सवय लावा. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मधोमध, जिथे आपण नजर रोखतो, तिथे दंडपेशी नसतातच. त्यामुळे अंधारात एखाद्या गोष्टीकडे थेट पाहिलं की ती गायब होते आणि किंचित बाजूला पाहिलं की दिसते. अंधारात उभा असलेला माणूस टक लावून पाहिल्यावर नाहीसा झाला, अशा ज्या गोष्टी आपण गावाकडे ऐकलेल्या असतात, त्यांपैकी काही तरी या दंडपेशींच्या खात्यावर टाकायला माझी हरकत नाही.

## दुसरी पायरी : ल्यूमेनचा हिशेब समजून घ्या

खोक्यावर छापलेला ल्यूमेनचा आकडा म्हणजे बॅटरीतून एकूण बाहेर पडणारा उजेड. ओळखीचं माप हवं असेल तर मेणबत्ती घ्या : साधारण १२ ल्यूमेन. फरक इतकाच की मेणबत्तीचा उजेड चहूकडे सांडतो आणि बॅटरीचा एका दिशेला गोळा होतो. म्हणून पाच ल्यूमेनची बॅटरी पायाखाली मेणबत्तीहून चांगलं दाखवते.

दुसरं, डोळा सरळ बेरीज-वजाबाकी करत नाही. उजेड दुप्पट वाटायला ल्यूमेन साधारण चौपट लागतात. याची उलट बाजू आपल्या फायद्याची आहे : ल्यूमेन एक-चतुर्थांश केले तरी उजेड निम्माच कमी झाल्यासारखा वाटतो, सेलची मात्र तीन-चतुर्थांश बचत.

खोक्यावरचं '२०० मीटर' पण नीट वाचा. टॉर्चच्या प्रचलित प्रमाणात पल्ला मोजतात तो जिथे ०.२५ लक्स उजेड उरतो तिथपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. दोनशे मीटरवरचा माणूस ओळखू येईल अशा भ्रमात राहू नका. आणि 'किती तास चालते' हा आकडा उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. बऱ्याच हजारी (म्हणजे हजार-दोन हजार ल्यूमेनच्या) बॅटऱ्या तापतात म्हणून काही मिनिटांतच स्वतःहून खाली येतात आणि उरलेले तास त्या खालच्या उजेडावर काढतात. म्हणजे मंद उजेडाने चालणं त्यांनाही शेवटी भाग पडतंच!

माझ्या वापरातले टप्पे असे आहेत. एक ल्यूमेनच्या आत : सरावलेल्या डोळ्यांनी तंबूत वस्तू शोधणं, घड्याळ पाहणं, निजलेल्या माणसाला न उठवता खोली ओलांडणं. एक ते पाच : घरातला वावर, रात्री बाळाचं लंगोट बदलणं, नकाशा किंवा औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचणं. दहा ते तीस : वीज गेली असताना स्वयंपाक, जेवण, ओळखीच्या सपाट वाटेवर चालणं. पन्नास ते शंभर : खडकाळ वाट, शेताचा बांध, गवत. त्यापुढचं सगळं शोधाशोधीसाठी. फोनचा टॉर्च साधारण चाळीस-पन्नास ल्यूमेन देतो, म्हणजे घरातल्या बहुतेक कामांना तो गरजेपेक्षा जास्तच आहे.

आता सेलचा हिशेब. १८६५० नावाचा लिथियम सेल हल्ली सगळीकडे मिळतो. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. ३००० मिलिअँपिअर-तासाच्या अशा सेलमध्ये साधारण ११ वॉट-तास ऊर्जा असते. एलईडी एका वॉटमागे शंभर ल्यूमेन देतो असं धरा. ३०० ल्यूमेनला ३ वॉट लागतील आणि सेल साडेतीन तासांत रिकामा होईल. ३ ल्यूमेनला लागतात ०.०३ वॉट, कागदावर ३६० तास भरतात. आतलं सर्किट स्वतःही थोडं खातं, त्यामुळे प्रत्यक्षात कमी भरतील, पण शंभरच्या वर सहज जातात. रोज पाच तास वापरलीत तरी तीन आठवडे.

जुना झीरोचा बल्ब आठवतो? नावाला झीरो आणि खायचा दहा-पंधरा वॉट.

## तिसरी पायरी : आहे तीच बॅटरी मंद करा

नवीन काही विकत घेण्याआधी घरातलं पाहा. बऱ्याच फोनमध्ये टॉर्चचं चिन्ह दाबून धरलं किंवा त्याच्या नावावर टॅप केलं की कमी-जास्तचा पट्टा उघडतो. तो सगळ्यात खाली ओढून ठेवा. अर्ध्या लोकांना हा पट्टा असतो हेच माहीत नसतं.

पट्टा नसेल तर पुढचे उपाय, मी आवडीच्या क्रमाने सांगतो. सगळ्यात सोपी मूठ. काचेवर बोटं ठेवा आणि दोन बोटांमधून हवी तेवढी फट सोडा. बोटांमधून गाळून येणारा उजेड आपोआप लालसर होतो, आणि हे झाकण घरी विसरता येत नाही. दुसरा उपाय छताचा : बॅटरी पेल्यात उभी करून तोंड छताकडे ठेवा. पांढऱ्या छतावरून परतलेला उजेड मऊ होऊन खोलीभर पसरतो आणि कुणाच्याही डोळ्यांत जात नाही. जेवायला बसताना हा उपाय फार चांगला. कौलारू घरात जमत नाही, काळ्या वाशांनी उजेड खाऊन टाकलेला असतो; तिथे बॅटरी पांढऱ्या भिंतीकडे वळवा, किंवा पाण्याने भरलेली पांढुरकी प्लास्टिकची बाटली बॅटरीवर उभी करा, झाला कंदील.

कायमची सोय हवी असेल तर काचेवर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्या. आकाशकंदिलाला लावतात तो लाल जिलेटीन कागद तीन-चार पदरी करून रबरबँडने बांधला की आकाशदर्शनाची बॅटरी तयार.

हे उपाय दहा-वीस ते शंभर ल्यूमेनच्या साध्या बॅटरीसाठी आहेत. हजारी बॅटरी पूर्ण जोरात लावून तिच्यावर रुमाल टाकू नका. एवढ्या ताकदीचा झोत काचेपाशीच अडवला तर कापड करपतं, प्लास्टिक वितळतं. खिशात चुकून पेटलेल्या बॅटरीने माझ्या एका मित्राच्या पँटला भोक पडलं आहे आणि तो ती गोष्ट अभिमानाने सांगतो.

## चौथी पायरी : घ्यायचीच असेल तर काय बघाल

सर्वात खालचा टप्पा किती ल्यूमेनचा आहे, हा पहिला प्रश्न. काही कंपन्या त्याला 'मूनलाइट' म्हणतात, काही चक्क 'फायरफ्लाय', म्हणजे काजवा. अर्धा ते दोन ल्यूमेन असेल तर उत्तम. 'लो : ५० ल्यूमेन' असं लिहिलेलं दिसलं तर खोकं परत ठेवा.

पण खालचा टप्पा असून भागत नाही, तिथवर पोहोचायचं कसं हेही महत्त्वाचं. स्वस्तातल्या पुष्कळ बॅटऱ्या बटण दाबलं की आधी पूर्ण जोरात पेटतात, मग मध्यम, मग मंद, आणि मंदाला लागूनच लुकलुक. रात्री तीन वाजता कमी उजेड मागण्यासाठी आधी डोळे दिपवून घ्यायचे आणि हात चुकला तर सगळ्या खोलीला डिस्को दाखवायचा, याला काय अर्थ आहे? बटण दाबून धरलं की थेट मंद पेटणारी, किंवा शेवटचा टप्पा लक्षात ठेवणारी बॅटरी शोधा. लुकलुक नसेल तर दोन गुण जास्त.

रंग पिवळसर घ्या. पेटीवर ३००० ते ४००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं असेल तर तो. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा भासतो. ६५०० केल्विनच्या थंड पांढऱ्या उजेडात निळ्याचा वाटा मोठा असतो. दंडपेशी निळ्या-हिरव्यालाच सर्वांत जास्त दचकतात, आणि झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात तयार होण्यातही निळा उजेड आडवा येतो. रात्री एकदा बाथरूमला जाऊन आल्यावर तासभर छत बघत पडणाऱ्यांनी एवढा एक बदल करून बघावा.

झोत पसरट हवा. लांबवर मारणाऱ्या बॅटरीचा मंद टप्पाही मधोमध टोचतो. समोर गुळगुळीत आरशासारख्या वाटीऐवजी खरबरीत वाटी किंवा दुधी काच असेल तर उजेड सारखा पडतो.

दुकानातच करता येणारी एक तपासणी : मंद टप्प्यावर लावून झोतात हात किंवा पेन जोरात हलवा. पेनाच्या तुटक तुटक सावल्या दिसल्या तर बॅटरी सेकंदाला कित्येकदा विझून-पेटून उजेड कमी करते आहे. वाचताना यानं काहींचं डोकं दुखतं.

सेलच्या बाबतीत मी जरा जुन्या वळणाचा आहे. एक बॅटरी चार्जिंगची ठेवा, पण दुसरी पेन्सिल सेलवर चालणारीच घ्या, कारण पेन्सिल सेल कुठल्याही वाडीतल्या किराणा दुकानात मिळतो आणि वादळात चार्जर भिंतीला लटकत राहतो.

## लाल उजेडाबद्दल थोडं

'रात्री लाल दिवाच वापरा' हे अर्धवट खरं आहे. दंडपेशींना गडद लाल जवळजवळ दिसत नाही, म्हणून लाल उजेडात त्यांची तयारी मोडत नाही. पण बाजारातले लाल एलईडी बहुधा ६२०-६३० नॅनोमीटरचे असतात आणि जोरात लावले तर तेही दंडपेशींना भिडतात. म्हणजे महत्त्वाचं मंद असणं, लाल असणं त्यानंतर. शिवाय लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेषा कागदात विरून जातात, रक्त पाण्यासारखं दिसतं, आणि वाटेवरची वाळकी फांदी आणि फुरसं यांत फरक करणं कठीण जातं. दुर्बिणीपाशी बसून काम असेल तर लाल. चालायचं असेल तर मंद पिवळा.

## पाचवी पायरी : धरायची कशी

बॅटरी डोळ्यांच्या उंचीवर धरू नका. उजेड जिथून येतो तिथूनच आपण बघत असलो तर सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि खड्डा, दगड, पायरी सगळं सपाट दिसतं. कपाळावरच्या हेडलॅम्पचा हाच दोष आहे. तीच बॅटरी कमरेखाली, मांडीच्या उंचीवर तिरपी धरा. प्रत्येक खड्याला लांब सावली पडते आणि पाच-दहा ल्यूमेनमध्येही वाट उलगडते. कंदील हातात लोंबता धरून चालायचे ते याचसाठी सोयीचं पडत असणार.

पावसाळ्यात सह्याद्रीत हे आणखी खरं. धुक्यात हेडलॅम्प जोरात लावला की समोरच्या थेंबांवरून उजेड उलटा डोळ्यांत येतो आणि दुधाच्या पातेल्यात शिरल्यासारखं होतं. उजेड कमी करा, बॅटरी गुडघ्यापाशी आणा, तीन-चार पावलं पुढचं दिसेल. त्याहून जास्त धुक्यात दिसणारही नसतं.

बोलताना समोरच्याच्या तोंडावर झोत मारू नये, हे सांगायची गरज पडू नये. पण कळसूबाईच्या शिड्यांवर शनिवारच्या रात्री जाऊन बघा.

## सहावी पायरी : जागा पाहून उजेड

घरात म्हाताऱ्या माणसांसाठी सोय करायची तर नियम थोडे वेगळे आहेत. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानाने साधारण एक-तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बुबुळाची बाहुली तेवढी मोठी होत नाही आणि भिंग पिवळसर झालेलं असतं. तुम्हाला पुरणारे दोन ल्यूमेन आईला पुरणार नाहीत. तिच्यासाठी पलंगापासून बाथरूमपर्यंत घोट्याच्या उंचीवर दोन-तीन पिवळसर छोटे दिवे लावा, हालचालीने पेटणारे असतील तर आणखी चांगलं, आणि उशाशी बॅटरी द्या. किती उजेड हवा हे तिलाच रात्री चालायला लावून ठरवा. दिवसा विचारलंत तर "मला दिसतं रे" एवढंच उत्तर येईल.

आगगाडीत थ्री-टायरच्या डब्यात रात्री दोनला स्टेशन आलं की फोनचे टॉर्च सगळ्यांच्या तोंडावर फिरू लागतात. मुठीत धरलेली एक ल्यूमेनची बॅटरी सीटखाली चप्पल शोधायला भरपूर होते. इस्पितळात पेशंटजवळ रात्र काढतानाही तीच : सलाइनची बाटली किती उरली हे बघायचं असतं, शेजारच्या खाटेला उठवायचं नसतं.

आकाश बघायला जाताना, मग ते वांगणी असो की महाराष्ट्रातलं पेंच, जे जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, बॅटरी पायाकडेच आणि लाल. डोळे तयार झाले की नाही हे तपासायचं असेल तर कृत्तिका मोजा. सहा तारे स्पष्ट दिसले की ठीक. त्याहून जास्त दिसू लागले तर डोळेही उत्तम आणि आकाशही. आणि देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका, थेट न बघता, नजर थोडी बाजूला ठेवून शोधा.

काजव्यांपुढे मात्र मंदही नको, बंदच. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत झाडंच्या झाडं लुकलुकतात. ती लुकलुक म्हणजे नर-मादीचं बोलणं आहे आणि त्यात आपला उजेड शिरला की ते बोलणं तुटतं. वाहनतळापासून झाडापर्यंत एक ल्यूमेन, जमिनीकडे, गटात एकाच्याच हातात; झाडापाशी पोचलं की विझवायची.

कासवांचं तसंच. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायचं काम सुरू केलं, आणि आता किनाऱ्यावरच्या इतर गावांतही ते चालतं. पिल्लं अंड्यांतून बाहेर आली की जिथे जास्त उजळ दिसतं तिकडे सरकतात. मोकळ्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. तिथे कुणी पांढरी बॅटरी लावून उभं राहिलं तर पिल्लं त्याच्या पायाशी येतात. किनाऱ्यावर रात्री जायचं तर तिथल्या कासवमित्राला विचारूनच, आणि तो म्हणेल तेव्हाच बॅटरी.

## जिथे मंद उजेडाचा हट्ट धरायचा नाही

शेतीला रात्रपाळीची वीज असते तेव्हा शेतकरी अपरात्री मोटर चालू करायला जातो. त्याला हा लेख लागू नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत आणि मण्यार तर रात्रीच फिरते. गवतातून, बांधावरून, लाकडाच्या ढिगाजवळून चालताना शंभरेक ल्यूमेनचा झोत, पायात गमबूट, हातात काठी. घरातही जमिनीवर उतरण्याआधी पाऊल पडणार ती जागा नीट दिसेल एवढा उजेड हवाच. मंद म्हणजे पायाखालचं न दिसण्याइतकं मंद नव्हे. चपलेत पाय घालण्याआधी ती झटका, विंचू तिथे बसायला आवडीने येतो.

हमरस्त्याच्या कडेने चालतानाही जोरदार बॅटरी घ्या, कारण तिथे तुम्हाला दिसण्यापेक्षा ट्रकवाल्याला तुम्ही दिसणं जास्त गरजेचं. कुणी हरवलं, कुणी दरीत घसरलं, तर सगळ्यात मोठी बॅटरी काढा आणि डोळ्यांच्या तयारीचा विचार सोडून द्या. म्हणूनच ट्रेकला मी दोन्ही नेतो. मंद हातात, मोठी बॅगेच्या वरच्या कप्प्यात, सेल भरलेली.

## सातवी पायरी : तयार ठेवायची कशी

बॅटरीची जागा एकच आणि कायमची. आमच्याकडे माजघराच्या दारामागे खिळ्याला दोरीने टांगलेली असते. अंधारात सापडावी म्हणून तिच्यावर रेडियमचा छोटा तुकडा चिकटवा. ज्याने वापरली त्याने परत टांगायची. यावरून आमच्या घरात भांडणं झाली आहेत आणि ती व्हायलाच हवी होती.

बॅगेत नेताना मागचं झाकण पाव फेरा सैल करा, म्हणजे चुकून पेटणार नाही. प्लास्टिकच्या साध्या बॅटरीत सेल आणि पत्र्याच्या मध्ये कागदाची चकती घाला. अल्कलाइन सेल महिनोन् महिने आत ठेवू नका. ते पाझरतात, आणि हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड स्प्रिंगवर दिसली की बॅटरी गेलीच समजा. वापर नसेल तर सेल बाहेर काढून बॅटरीसोबत एका पिशवीत. जुना आणि नवा सेल जोडीने घालायचा नाही. लिथियम सेल दीर्घकाळ ठेवायचा असेल तर साधारण निम्मा भरून, थंड जागी. गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात तर मुळीच नाही.

तपासणीसाठी मी अमावास्या धरली आहे, कारण कॅलेंडरवर ती काळ्या गोळ्याने दाखवलेलीच असते. त्या रात्री घरातले दिवे दहा मिनिटं मालवायचे, सगळ्या बॅटऱ्या मंदावर लावायच्या, ज्या पेटत नाहीत त्यांचे सेल बदलायचे आणि मुलांना माजघरातून परसदारापर्यंत एकेकट्याने जाऊन यायला लावायचं. एखाद्या अमावास्येला राहून गेलं तर चालतं, पण पाऊस लागण्याआधीची, वैशाखातली, चुकवू नका.